साठच्या पुढे घुंऽऽ आवाज : बेअरिंग गेलंय की टायर?

घाटमाथा
गाडी २०१५ची पेट्रोल हॅचबॅक. ड्राइव्ह पुढच्या चाकांना, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस आहे, टायर १६५/८० आर १४. ताशी चाळीसच्या आसपास खालून घरघर सुरू होते, साठ-सत्तरला तिचा घुंऽऽ होतो आणि वेग वाढेल तसा तो चढत जातो. क्लच दाबून गाडी न्यूट्रलला सोडली तरी आवाज तस्सा. स्टिअरिंगला थरथर नाही, ब्रेक मारला तरी फरक नाही.

गॅरेजवाला म्हणतो पुढची दोन्ही बेअरिंग बदला. टायरवाला म्हणतो टायर खाल्लेत, चारही बदला. गाडी उचलून बघितली नाही दोघांपैकी एकानेही. दोन्हीचा खर्च एकदम करायची तयारी नाही. पार्किंगमध्ये, साध्या अवजारांवर नक्की काय ते कसं ठरवायचं? आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का?

बारा_तेराचा_पाना
न्यूट्रलची चाचणी तुम्ही केलीत ते बरं झालं. त्यात इंजिन सुटलं, क्लच सुटला आणि गिअरबॉक्सही बऱ्यापैकी सुटला. गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग वाजत असेल तर ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की आवाजाचा सूर बदलतो, गिअरगणिकही बदलतो. तुमच्याकडे तसं नाही. म्हणजे जे वाजतंय ते चाकासोबत फिरतंय.

आता आधी टायर, कारण त्याला पैसे लागत नाहीत. टायरच्या पट्ट्यावरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टायर फेदर झालाय, बहुधा टो (पुढची चाकं किंचित आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) बिघडल्यामुळे. हाताला उंच-सखल चढउतार लागले तर कपिंग, तिथे शॉकॲब्झॉर्बरकडेही बघायला हवं. मागच्या टायरची आतली कड विसरू नका. ती दिसत नाही, आणि आवाज बहुतेकदा तिथूनच येतो.

मग पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाका, त्याच बाजूला ठेवून. हवा सारखी भरा आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवा. आवाज जागा बदलून मागे गेला किंवा त्याचा सूर बदलला तर टायर. काहीच बदललं नाही तर बेअरिंगवरचा संशय पक्का. रस्ता बदलूनही बघा. टायरचा आवाज काँक्रीटवर एक आणि नव्या डांबरावर दुसराच असतो, कधी जवळजवळ गायबही होतो. बेअरिंगला रस्त्याचं काही पडलेलं नसतं.

यानंतर कोणतं चाक ते शोधायचं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि लगेच खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. गिअर न्यूट्रल. एका हाताने शॉकवरची कॉइल स्प्रिंग धरा, दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक खरखर बोटांना लागते. कानाला काही ऐकू येत नसतानाही ती लागते, म्हणून ही चाचणी मला सगळ्यांत भरवशाची वाटते. चांगल्या बाजूची स्प्रिंगही धरून बघा, नाहीतर काय नॉर्मल आणि काय नाही ते कळणार नाही.

मग खेळ, म्हणजे ढिलेपणा, बघा. चाक वर आणि खाली धरून हलवा, नंतर डावी-उजवीकडे धरून हलवा. वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा बॉल जॉइंट. फक्त डावी-उजवीकडे असेल तर आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाशी जोडणारा सांधा) बघा. कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने डिस्क कॅलिपरमार्फत (पॅड दाबणारा भाग) नकलला (बेअरिंग ज्यात बसतं तो, न फिरणारा भाग) जखडली जाते, म्हणजे बेअरिंग हिशोबातून बाहेर पडतं. खेळ गेला तर तो बेअरिंगचा होता, राहिला तर सस्पेन्शनचा. उलट, खेळ मुळीच नसला म्हणून बेअरिंग चांगलं असं समजू नका. घुंऽऽ करणाऱ्या बऱ्याच बेअरिंगमध्ये खेळ शून्य असतो. खेळ येतो तो फार उशिरा.

चालवायचं म्हणाल तर नुसता आवाज असेल तर गावातल्या गावात, हळू, दुरुस्तीची वेळ ठरेपर्यंत. खेळ लागला, हब (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो फिरणारा भाग) भाजण्याइतकं तापलं, एबीएसचा दिवा लागला किंवा वळणानंतर ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला खोल गेलं, तर चालवू नका, ओढून न्या. पेडल खोल जाण्याचं कारण असं की डगमगणारी डिस्क पॅड मागे ढकलून ठेवते.

चारचाकी
एवढं कशाला? लांबच्या वळणावर गाडी घाला. डावीकडे वळताना आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डावं. संपलं. आणि एक गेलं की दोन्ही बदलून टाकावीत, दुसरंही तितकंच चाललेलं असतं.

लेथवाला
वळणाची चाचणी करावी, पण तिच्यावर बिल फाडू नये. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो हे खरं, त्यामुळे बहुतेक वेळा निदान बरोबर निघतं. पण या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात, कोनात बसवलेल्या. वळताना चाकावर आडवा जोर येतो आणि भार एका ओळीवरून दुसरीवर सरकतो. ज्या ओळीच्या धावेवर (गोळ्या जिच्यावरून फिरतात ते कडं, म्हणजेच रेस) खड्डा पडलाय तिच्यावर भार आला की आवाज वाढतो. ती ओळ वळणाच्या आतल्या बाजूच्या चाकातलीही असू शकते. आणि पत्र्यातून आवाज असा फिरतो की मागचं बेअरिंग वाजत असताना ड्रायव्हर शपथेवर पुढचं सांगतो. म्हणून वळणावरून अंदाज बांधा आणि स्प्रिंगला हात लावून खात्री करा.

मोबाइलमध्ये आवाजाचा स्पेक्ट्रम (कोणता सूर किती मोठा ते) दाखवणारं ॲप असेल तर एक गंमत करून बघता येते. १६५/८० आर १४ चा घेर सुमारे १.९५ मीटर. ताशी ६०ला चाक सेकंदाला साधारण साडेआठ फेरे मारतं. टायरला एका जागी फुगा किंवा सपाट डाग असेल तर तो सेकंदाला साडेआठ वेळा ठोकणार, म्हणजे धप-धप-धप. बेअरिंगच्या बाहेरच्या धावेवर खड्डा असेल तर ढोबळ हिशोब ०.४ × गोळ्या × फेरे, आतल्या धावेवर असेल तर ०.६. एका ओळीत १२ गोळ्या धरल्या तर ४१ किंवा ६१ हर्ट्झच्या आसपास, आणि त्याच्या पटींतले सूर. म्हणून बेअरिंग ठोकत नाही, घुमतं. हा हिशोब गोळ्यांची संख्या माहीत असेल तरच नेमका, पण टायरचं ठोकणं आणि बेअरिंगचं घुमणं वेगळं ओळखायला पुरतो.

दोन्ही बदलायचं मला पटत नाही. शॉक जोडीने बदलतात कारण दोन्हीकडचं दबणं सारखं लागतं. बेअरिंगचं तसं काही नाही. ते बहुतेक वेळा एखाद्या खड्ड्यात जोरात आदळून किंवा सीलमधून पाणी शिरून जातं, आणि हे दोन्ही एकाच बाजूला घडू शकतं. चांगलं बसलेलं बेअरिंग उगाच काढलं तर तेही वाया, आणि बसवणाऱ्याच्या हाताची जोखीम दुप्पट.

सह्यवारी
इंजिन चालू करून, गिअर टाकून, उचललेलं चाक फिरवून आवाज ऐकणारे व्हिडिओ खूप आहेत. पार्किंगमध्ये ते करू नका. एकच चाक उचललं असेल तर डिफरन्शिअलमुळे (दोन्ही चाकांत फिरणं वाटून देणारे गिअर) ते चाक स्पीडोमीटरच्या दुप्पट वेगाने फिरतं. काटा ३० दाखवतोय आणि चाक ६०ला, वर गाडी स्टँडवर. शिवाय सस्पेन्शन पूर्ण लोंबकळत असताना ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट टोकाच्या कोनात असतात आणि ते स्वतःच खटखट करतात, म्हणजे निदान चुकायची आणखी एक सोय.

डिस्कमागचा पत्रा पण बघा. तो वाकून डिस्कला लागत असेल किंवा मध्ये खडा अडकला असेल तर आवाज चिरका, पत्र्याचा येतो. घुंऽऽ नाही, पण लोक गोंधळतात. स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू गाडी काढताना कट-कट-कट आला तर तो बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा चाकाकडचा सांधा. ती वेगळीच भानगड.

घाटमाथा
सगळ्यांचे आभार. काल गाडी उचलली. टायर हाताला सरळ लागतात, पुढे-मागे केल्यावर आवाजात काही फरक नाही. डावीकडच्या लांब वळणावर वाढतो, उजवीकडे जवळजवळ बंद. पुढच्या उजव्या स्प्रिंगला हात लावल्यावर स्पष्ट खरखर, डावीकडे काही नाही. खेळ कुठेच नाही. मागची चाकं मोकळी आणि शांत.

म्हणजे पुढचं उजवं. गॅरेजवाल्याला दाखवल्यावर तोही मान्य झाला. पण त्याच्याकडे प्रेस नाही. "पाइप लावून हातोडीने बसवतो, कायमच बसवतो" असं म्हणतो. चालेल?

लेथवाला
नाही. नवीन बेअरिंग थोड्याच दिवसांत पुन्हा वाजायला लागतं त्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे, आणि मग नाव पार्टचं खराब होतं.

तुमच्या प्रकारच्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंग नकलमध्ये घट्ट दाबून बसवलेलं असतं, पुढे सर्क्लिप (खाचेत बसून बेअरिंग अडवणारी रिंग), आणि बेअरिंगच्या आतल्या भोकात हब दाबलेला. म्हणजे दाबायचं काम दोनदा. पहिल्यांदा बेअरिंग नकलमध्ये जाताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर यायला हवा. दुसऱ्यांदा हब आत जाताना मागून टेकू फक्त आतल्या रेसला हवा. यातलं एकही उलटं झालं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो. गोळ्या धावेवर आपापल्या जागी बारीक खळगे पाडतात. डोळ्यांना ते दिसणारही नाहीत, पण पहिल्याच दिवशी हलकी गुणगुण सुरू होते. दुसरी पायरी सर्रास चुकते. हब ठोकताना नकल खाली टेबलावर ठेवतात आणि आतल्या रेसखाली काहीच नसतं.

नकल सुटी करून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये किंवा लेथवाल्याकडे घेऊन जा. वीस टनांचा हायड्रोलिक प्रेस पुरून उरतो. काम अर्ध्या तासाचं. तिथे उभं राहा आणि एवढं बघा:

हब निघताना जुन्या बेअरिंगचा आतला रेस त्याच्यासोबतच निघतो आणि हबवर अडकून बसतो. पुलरने आला तर उत्तम. नाहीतर ग्राइंडरने रेसवर तिरकी चीर पाडून छिन्नीचा एक घाव घालायचा, तो तडकतो. चीर आरपार जाऊ द्यायची नाही, खालच्या हबला ओरखडा पडता कामा नये. हबच्या दांड्यावर खोल ओरखडे किंवा निळसर जळल्याचा डाग असेल तर हबही नवाच घ्या. रेस हबवर फिरलेला आहे, नवीनही फिरणार.

सर्क्लिप काढल्याशिवाय जुनं बेअरिंग दाबू नका. वाक्य बावळट वाटेल, पण चिखल-गंजाखाली सर्क्लिप दिसत नाही आणि नकलची खाच फुटते. बेअरिंग निघाल्यावर नकलचं भोक कापडाने पुसा, गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, तेलाचा हलका हात फिरवा. भोक सैल झालं असेल तर काही जण सेंटर पंचने आत टिंब-टिंब मारून धातू उठवतात आणि बेअरिंग "टाइट" करतात. तसं करू देऊ नका. बेअरिंग त्या टोकांवर टेकतं, गोलाई बिघडते. नकल बदलणे हाच उपाय.

नवीन बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये प्लास्टिक पिशवीत बंद करून ठेवलं तर थोडं आखडतं आणि सोपं जातं. नकलला गॅसची ज्योत लावायची गरज नाही. दाबायला जुन्या बेअरिंगचा बाहेरचा रेस वापरता येतो, फक्त त्याला ग्राइंडरने एक उभी चीर पाडून घ्या, म्हणजे तो आत अडकला तरी बाहेर येतो. सुरुवातीचे दोन-तीन मिलिमीटर सावकाश. तिरकं गेलं तर थांबून परत काढायचं, जोर वाढवून सरळ होत नाही. तळाला टेकलं की प्रेसचा काटा एकदम चढतो, तिथे थांबायचं. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसलाय का ते स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बघा.

बारा_तेराचा_पाना
लेथवाल्यांनी प्रेसचं सगळं सांगितलंय, मी गाडीवरचं सांगतो.

एक्सल नट (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा, हब धरून ठेवणारा) चाक जमिनीवर असताना सोडा, आत कोणीतरी ब्रेक दाबून. नटाची ठोकलेली कड आधी खाचेतून उचला, नाहीतर शाफ्टचे आटे जातात. फक्त पकड मोडायची. नट सैल असताना गाडी इंचभरही हलवू नका. आतल्या रेसचे दोन भाग या नटानेच एकत्र दाबून धरलेले असतात.

एबीएस सेन्सर पहिल्यांदा काढा. गंजाने चिकटलेला असेल तर वायर ओढू नका, डब्ल्यूडी-४० मारून थोडा थोडा दोन्हीकडे फिरवत काढा. कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधा. शॉक आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांची जागा खुणेच्या खडूने किंवा पंचने नोंदवा, त्यावर कॅम्बर (चाकाचा उभा कल) अवलंबून असतो. शाफ्ट हबमधून निघत नसेल तर जुना नट आट्यांच्या टोकापर्यंत लावून त्याच्यावर पितळी तुकडा ठेवून ठोका. शाफ्ट बाहेर ओढू नका, आतला जॉइंट सुटून येईल आणि कामाला काम वाढेल.

आता एबीएसवाल्या गाड्यांतली खास चूक. बऱ्याच बेअरिंगमध्ये एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय एन्कोडर (ज्यावरून सेन्सर चाकाचा वेग वाचतो ती पट्टी) असतो, वेगळी दातेरी रिंग नसते. ती बाजू सेन्सरकडे, बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला, यायला हवी. दोन्ही सील डोळ्याला जवळपास सारखेच दिसतात. हलका पेपरक्लिप जवळ धरला की चुंबकीय बाजू किंचित ओढते. उलटं बसलं तर गाडी छान चालते, दिवा मात्र जात नाही, आणि बेअरिंग परत काढलं की ते गेलंच. या बाजूला हातोडी नाही, चुंबकी टोकाचा स्क्रू ड्रायव्हर नाही, लोखंडाचा भुसा असलेल्या टेबलावर पालथं ठेवणं नाही.

नट नवाच. टॉर्क रेंचनेच आवळायचा, इम्पॅक्ट गनने नाही. छोट्या गाड्यांत आकडा साधारण २०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण मॉडेलगणिक बराच फरक आहे, तेव्हा मॅन्युअलमधलाच घ्या. मग नटाची कड खाचेत ठोका. चाक लावण्याआधी हब हाताने फिरवा: सीलचा किंचित सारखा जड-जडपणा चालतो, एका जागी अडखळणं नाही. डायल गेज मिळाला तर हबच्या तोंडावर लावून बघा, ०.०५ मिमीच्या आत असेल तर छान. सगळं झाल्यावर व्हील अलाइनमेंट.

घाटमाथा
समजलं. गॅरेजवाला नकल सुटी करून द्यायला तयार आहे, प्रेसचं काम बाहेर करून आणतो. बेअरिंग कोणतं घेऊ? दुकानात एकाच गाडीसाठी तीन डबे दाखवले आणि किमतीत दुपटीचा फरक.

सह्यवारी
कंपनीचं किंवा एसकेएफ, एफएजी, एनएसके, एनटीएन, कोयो, टिमकेन, एनबीसी यांपैकी काहीही चालतं. प्रश्न ब्रँडचा कमी आणि डबा खरा असण्याचा जास्त. अधिकृत डीलरकडून पक्क्या बिलावर घ्या. एसकेएफचं ऑथेंटिकेट आणि शेफलरचं ओरिजिनचेक ही ॲप आहेत, डबा त्यांवर तपासता येतो. एफएजी शेफलरचंच.

नंबर जुळवताना जुन्यावर बघा. डीएसी ३४६४००३७ असं काही असेल तर आतला व्यास ३४, बाहेरचा ६४, रुंदी ३७ मिमी. पण माप जुळलं म्हणजे पार्ट जुळला असं नाही. त्याच मापात एन्कोडर असलेलं आणि नसलेलं, दोन्ही मिळतात, आणि दुकानदार हमखास स्वस्तातलं, विनाएन्कोडरचं पुढे करतो. गाडीच्या चॅसी नंबरावरून पार्ट नंबर काढून घ्या. सोबत सर्क्लिप आणि एक्सल नट.

आणि गाडीला मूळ मापापेक्षा बाहेर येणारी अलॉय व्हील किंवा स्पेसर लावले असतील तर ते सांगा. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवरचा पीळ जास्त, मग कितीही चांगलं घ्या.

काळी_माती
थोडं विषयांतर. आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या ड्रममध्ये दोन टेपर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग आहेत, स्प्लिट पिनवाला नट. तिथेही प्रेस लागतो का? पावसाळ्यात ओढ्यातून जाते, आता खरखर येते.

लेथवाला
नाही, ते घरी होतं. खरखर आहे म्हणजे ड्रम काढा आणि ग्रीसचा रंग बघा. तांबूस किंवा दुधाळ असेल तर पाणी गेलंय. रोलरवर किंवा बाहेरच्या कपावर काळे ठिपके, खवले दिसले तर कप (बाहेरचं कडं) आणि कोन (रोलरसकट आतला भाग) जोडीनेच बदला, जुन्या कपात नवा कोन नको. कप पितळी ड्रिफ्टने (ठोकायचा दांडा) आळीपाळीने समोरासमोर ठोकून काढायचा आणि तसाच बसवायचा. पूर्ण टेकला की ठोक्याचा आवाज भरीव होतो.

सगळं रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवा, कॉम्प्रेसरच्या हवेने रोलर गरगर फिरवू नका. व्हील बेअरिंगचं लिथियम कॉम्प्लेक्स, दोन नंबरचं ग्रीस घ्या. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने दाबत जायचं, अरुंद बाजूने रोलरमधून वर येईपर्यंत, असं पूर्ण गोल. ड्रमच्या पोकळीत मात्र तिसरा हिस्साच. ठासून भरलं तर ते तापून सील ढकलतं आणि ब्रेक लायनरवर उतरतं. सील नवाच घाला, पाणी तिथूनच आलं होतं.

नट आवळताना ड्रम फिरवत राहा म्हणजे रोलर जागेवर बसतात. थोडा घट्ट करून पूर्ण सैल करा, मग नुसत्या बोटांनी लागेल तितका परत लावा. पिनचं भोक जुळत नसेल तर सैल बाजूच्या भोकाला न्या, घट्ट बाजूच्या कधीच नाही. चाक धरून हलवल्यावर अगदी पुसटसा खेळ जाणवला तर तो असायलाच हवा. नवीन स्प्लिट पिन लावा. दहा-पंधरा किलोमीटर, शक्यतो कमी ब्रेक मारत, चालवून हबला हात लावून बघा: कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर नट घट्ट झालाय.

काळी_माती
पिन बहुतेक घट्ट बाजूच्याच भोकात घातलेली दिसतेय. रविवारी उघडतो.